कॉलमवरचा लिव्हर तसाच ठेवून आधुनिक पाच गिअरचा बॉक्स बसवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १९५० च्या सुमाराची, मागच्या चाकांवर चालणारी, पुढे सलग बाकासारखी सीट आणि स्टिअरिंग कॉलमवर तीन गिअरचा लिव्हर. मोकळ्या रस्त्यावर इंजिन फार ओरडतं म्हणून आधुनिक पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स बसवायचा आहे. पण फ्लोअर कापायचा नाही आणि लिव्हर कॉलमवरून हलवायचा नाही. हे जमतं का, आणि कसं?

जमतं. कॉलमवर पाच गिअर ही काही नवलाईची गोष्ट नाही. सिट्रोएन डीएसला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉलमवर पाच गिअर मिळाले होते. टोयोटा हायएस आणि मित्सुबिशी एल३०० या व्हॅनमध्ये पाच गिअरचा कॉलम लिव्हर कित्येक वर्षं कारखान्यातूनच येत होता, आणि त्या गाड्या दिवसभर माल आणि माणसं वाहत. अडचण एवढीच की तुमच्या गाडीचा कॉलम त्यासाठी बनलेला नाही. तो दोन ओळींसाठी बनलेला आहे आणि पाच गिअरला तीन ओळी लागतात: एक-दोन, तीन-चार, पाच-रिव्हर्स. सगळा खटाटोप त्या तिसऱ्या ओळीसाठी आहे. बॉक्स बेल हाउसिंगला, म्हणजे क्लचवरच्या आवरणाला, जोडणं हे त्यामानाने सरळ काम. ते कुठलाही चांगला टर्नर आणि मेकॅनिक मिळून करतील.

आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. तुमच्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) उघडा आहे की टॉर्क ट्यूबमध्ये, म्हणजे जाड नळीत, बंद आहे? शेव्हरोलेच्या मोटारींत १९५४ पर्यंत आणि फोर्डमध्ये १९४८ पर्यंत टॉर्क ट्यूब होती. या रचनेत मागची चाकं गाडीला जो रेटा देतात तो ट्यूबमधून गिअरबॉक्सच्या शेपटीवर येतो आणि तिथून चेसिसला जातो. आधुनिक बॉक्सची शेपटी हा रेटा झेलायला बनलेलीच नसते. म्हणजे टॉर्क ट्यूबची गाडी असेल तर मागचा ॲक्सल, त्याला धरून ठेवणारी लीफ स्प्रिंग किंवा आर्म आणि शाफ्ट, सगळंच बदलावं लागतं. एवढी तयारी नसेल तर विषय तिथेच थांबवलेला बरा.

आता, पाच गिअर खरंच हवेत का? आकडे मांडून बघा. टायरचा व्यास ६८० मि.मी. आणि क्राउन-पिनियनचं (मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचं) गुणोत्तर ४.११ धरलं, तर ताशी १०० कि.मी. ला टॉप गिअरमध्ये इंजिन साधारण मिनिटाला ३,२०० फेऱ्यांवर असतं. लांब स्ट्रोकच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला हे तासन्‌तास झेपत नाही. तुमची तक्रार रास्त आहे. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाच्या एका फेरीत शाफ्ट एका फेरीपेक्षा जास्त फिरवणारा गिअर, मिळाला की तोच आकडा २,२५० च्या आसपास येतो, आणि गाडी वेगळीच वाटायला लागते. पण नीट बघितलं तर तुम्हाला हवा आहे तो वरचा एक लांब गिअर. मधला एक जास्तीचा गिअर ही हौस आहे. हौसेला माझी अजिबात हरकत नाही, फक्त तिची किंमत कॉलमच्या तळाशी मोजावी लागते हे आधी कळलेलं बरं.

म्हणून सोप्याकडून अवघडाकडे तीन वाटा सांगतो.

पहिली वाट म्हणजे त्या काळातलाच तीन गिअर अधिक ओव्हरड्राइव्हचा बॉक्स. बोर्गवॉर्नरचा आर-१० हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. गुणोत्तर ०.७०, सोलेनॉइडवर (विजेने पिन हलवणाऱ्या कॉइलवर) चालणारा, साधारण ताशी ४५ कि.मी. च्या वर लागतो. कॉलम आणि दोन्ही रॉड जसेच्या तसे राहतात. त्या वेगाच्या खाली फ्रीव्हील होतं, म्हणजे ॲक्सलरेटर सोडल्यावर इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. उतारावर हे लक्षात ठेवावं लागतं आणि ओव्हरड्राइव्हची लॉक केबल बाहेर ओढून तो फ्रीव्हील बंद करता येतो. ज्यांना गाडी मूळ स्वरूपात ठेवायची आहे त्यांना मी हीच वाट सुचवतो.

दुसरी वाट फार कमी लोकांच्या लक्षात येते आणि मला ती मनापासून आवडते. काही चार गिअरच्या बॉक्सना वरून दांडा नसतो. कडेला तीन लिव्हर असतात: एक-दोनचा, तीन-चारचा आणि रिव्हर्सचा वेगळा. क्रायसलरचा ए-८३३ ओव्हरड्राइव्ह हा असा बॉक्स. १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनचा, गुणोत्तरं ३.०९, १.६७, १.०० आणि ०.७३. म्हणजे चौथाच ओव्हरड्राइव्ह. तुमच्या कॉलमच्या तळाला आज दोन लिव्हर आहेत, एक पहिला-रिव्हर्सचा आणि एक दुसरा-तिसऱ्याचा. त्यातला पहिला आता एक-दोनला जोडायचा, दुसरा तीन-चारला. कॉलमच्या आत काहीही बदलायचं नाही. रिव्हर्स उरतो, तो डॅशखालच्या एका स्वतंत्र पुश-पुल केबलवर घ्यायचा. वर सांगितलेल्या गाडीत हा बॉक्स ताशी १०० ला इंजिन २,३४० फेऱ्यांवर आणतो. तुमच्या मूळ तक्रारीचा निकाल तिथेच लागतो.

या वाटेवर दोन खाचखळगे आहेत. या बॉक्समध्ये तीन-चारचा बाहेरचा लिव्हर साध्या ए-८३३ च्या मानाने उलटा, खाली तोंड करून बसतो, कारण आत ओव्हरड्राइव्हचे दाते तिसऱ्याच्या जागी आहेत. कोणी साधा लिव्हर आणून सरळ बसवला की तिसरा आणि चौथा जागा बदलतात आणि मग बॉक्समध्ये दोष शोधत बसावं लागतं. दुसरा खळगा गंभीर आहे. कडेला लिव्हर असलेल्या कित्येक बॉक्समध्ये पुढचे गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी पडू नयेत याची काळजी बॉक्स घेत नाही, मूळ फ्लोअर शिफ्टर घेतो. तुम्ही शिफ्टर काढला की ते संरक्षणही गेलं. मग रिव्हर्सच्या केबलला असा अडसर करावा लागतो की बाकीचे दोन्ही लिव्हर न्यूट्रलला असल्याशिवाय ती ओढलीच जाणार नाही. दोन्ही लिव्हरच्या बुडाशी खाच असलेली एकेक चकती आणि मधे सरकणारी पिन, एवढ्याने हे होतं. बॉक्स टेबलावर असताना हाताने दोन गिअर एकदम टाकून बघा. पडत असतील तर हा अडसर केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. एकदम दोन गिअर पडणं म्हणजे मागची चाकं जाम.

तिसरी वाट तुम्ही विचारलेली: खरा पाच गिअरचा, वरून एकच दांडा असलेला बॉक्स. उदाहरणादाखल बोर्गवॉर्नरचा टी-५ घेतो. तो १९८० च्या दशकापासून खूप गाड्यांत आला, आकाराने लहान आहे आणि त्याचे सुटे भाग मिळतात. त्याच्या आत एकच शाफ्ट आहे. तो स्वतःभोवती थोडा फिरला की ओळ बदलते, आणि पुढे-मागे सरकला की गिअर पडतो. आता कॉलमकडे बघा. तिथे ट्यूब खाली-वर सरकली की ओळ बदलते आणि फिरली की गिअर पडतो. नेमकं उलट. पण दोन्हीकडे हालचाली दोनच आहेत आणि एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, म्हणूनच हे काम होतं. कॉलमच्या तळाशी या दोन हालचाली स्वच्छ वेगळ्या काढायच्या, प्रत्येकीला एक केबल द्यायची आणि बॉक्सवर पुन्हा एकत्र करायच्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आजच्या मॅन्युअल गाड्यांत फ्लोअरवरच्या लिव्हरपासून आडव्या गिअरबॉक्सपर्यंत सिलेक्ट आणि शिफ्ट अशा दोन केबल जातात. तत्त्व तेच.

रॉड नको, केबलच घ्या, असं मी ठामपणे सांगतो. इंजिन आणि बॉक्स रबरी माउंटिंगवर डुलतात, कॉलम बॉडीला पक्का असतो. रॉड असला की इंजिनाचा प्रत्येक झोका गिअरच्या शाफ्टपर्यंत पोहोचतो आणि जोर दिल्यावर गिअर सुटायला लागतो. केबलचं आवरण वर कॉलमला आणि खाली थेट बॉक्सच्या अंगावर बांधलं की इंजिन कितीही हललं तरी आतल्या तारेला ते कळत नाही. खालचा ब्रॅकेट चेसिसला बांधणं ही या कामातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तो बॉक्सलाच हवा.

आता कॉलमच्या तळाशी जाऊ. बहुतेक गाड्यांत गिअरची ट्यूब स्टिअरिंग शाफ्टभोवती, बाहेरच्या नळीच्या आत असते. काही जुन्या गाड्यांत ती कॉलमच्या बाहेरून समांतर जाते, आणि तसं असेल तर काम बरंच सोपं होतं. तळाला ट्यूबवर दोन लिव्हर सुटे बसलेले असतात, दोघांच्या मधे ट्यूबला एक आडवी की. लिव्हर अंगाकडे ओढला की की एका लिव्हरच्या खाचेत जाते, समोर ढकलला की दुसऱ्याच्या. या खाचांच्या कडा गोलावल्या की की दोन्हींत अर्धी-अर्धी अडकते आणि गिअर मधेच फसतो. जुन्या कॉलम गाड्या चालवलेल्यांना बॉनेट उघडून हाताने लिव्हर हलवून गिअर सोडवणं माहीत असेलच. आपल्याला या दोन्ही लिव्हरची आणि कीची गरज नाही. ते काढून नीट गुंडाळून ठेवून द्या, पुढे कधी कोणाला गाडी पूर्ववत करावीशी वाटेल.

त्यांच्या जागी दोन नवे भाग येतात. पहिला, ट्यूबवर घट्ट क्लॅम्प केलेला एक लिव्हर. तो ट्यूबबरोबर फिरतो, मग ओळ कुठलीही असो. ही शिफ्टची हालचाल. दुसरा, ट्यूबवरच बसवलेली खाच असलेली कॉलर, आणि त्या खाचेत बसणारा काटा. ट्यूब फिरली तर कॉलर काट्यात नुसती फिरते. ट्यूब खाली-वर झाली की काटा हलतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला सिलेक्टची केबल. क्लच बेअरिंगचा फोर्क ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. कॉलरला पितळेची रिंग आणि काट्याला कडक स्टीलच्या पिना वापरा. प्ले, म्हणजे सैलपणा, ०.२ ते ०.३ मि.मी. च्या वर नको.

मनात एक शंका येते: शिफ्टचा लिव्हर ट्यूबबरोबर खाली-वरही होणार, मग ओळ बदलताना शिफ्टची केबल थोडी ओढली जाणार नाही का? हिशोब करा. ट्यूब मधल्या स्थितीपासून ६ मि.मी. सरकली आणि केबलच्या टोकाचा मोकळा भाग १५० मि.मी. असेल, तर तिरकेपणामुळे फरक पडतो ०.१२ मि.मी. इतकाच. तो सोडून द्यायचा. फक्त दोन्ही टोकांना बॉल जॉइंट हवेत. साधी पिन आणि क्लेव्हिस लावलं तर तिथे ताण येईल आणि तार वाकेल.

शिफ्टची मापं बसवायला अवघड नाहीत. वरचा लिव्हर ट्यूबच्या मध्यापासून मुठीपर्यंत २५० मि.मी. असेल आणि न्यूट्रलपासून एका बाजूला २२ अंश फिरत असेल, तर मूठ ९६ मि.मी. चालते. तळाचा लिव्हर ६० मि.मी. चा केला की केबलला साडेबावीस मि.मी. मिळतात. बॉक्सच्या शाफ्टला एका गिअरसाठी समजा ११ मि.मी. हवेत. मग बॉक्सवरच्या छोट्या दांड्याचं वरचं माप खालच्याच्या दुप्पट ठेवायचं, वर ६० आणि खाली ३०. मुठीपासून शाफ्टपर्यंत गुणोत्तर पावणेनऊ पडतं. सिंक्रो रिंगला (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या रिंगला) शाफ्टवर ३०० न्यूटनचा दाब लागला तर मुठीवर सुमारे ३५, आणि केबलचं घर्षण धरून ५० न्यूटन. बोटांनी गिअर पडेल इतकं हे हलकं आहे. तुमच्या कॉलमची आणि बॉक्सची मापं वेगळी निघतील, म्हणून आधी कोनमापकाने आणि व्हर्निअरने मोजा आणि मगच लिव्हर कापा.

खरी कसोटी सिलेक्टची. जुन्या कॉलमची खाली-वर चाल दोन ओळींपुरती, समजा १२ मि.मी. त्यात आता तीन ओळी बसवायच्या, म्हणजे एका ओळीपासून दुसरीपर्यंत ६ मि.मी. बॉक्सवर मात्र दोन ओळींमधे समजा १२ मि.मी. लागतात. तेव्हा काट्याचा बाहेरचा हात दुप्पट करायचा. पण चाल दुप्पट झाली की प्लेही दुप्पट होतो. कॉलरमधला ०.३ बॉक्सवर ०.६ होऊन पोहोचतो. वर लिव्हरच्या बुडाची पिन झिजलेली असेल तर तो एकच सांधा सगळं बिघडवतो. म्हणून वरचं काम आधी करा: लिव्हरची पिन, तिचं भोक, ट्यूबचे वरचे-खालचे बुश, सगळं नवं. आणि चाल वाढवायच्या मोहाने वरच्या हाउसिंगमधली खाच कानशीने लांबवू नका. ती हाउसिंग बहुधा जस्ताच्या डाय-कास्टची असते. जुनी झाली की ठिसूळ होते, आणि भेग नेमकी त्याच खाचेच्या कोपऱ्यातून जाते.

मधली ओळ हाताला सापडावी यासाठी स्प्रिंग लागतात. काट्याच्या दोन्ही बाजूंना हलकी स्प्रिंग, म्हणजे हात सोडला की लिव्हर तीन-चारच्या ओळीवर येऊन थांबतो. पाच-रिव्हर्सच्या बाजूला आणखी एक, चांगली जड, थोड्या चालीनंतरच लागणारी. हाताला ती भिंतीसारखी जाणवली पाहिजे. शिवाय लिव्हरचं स्वतःचं वजन विसरू नका. तो आडवा लटकलेला असतो आणि खड्ड्यांत सारखा खाली ओढतो, म्हणून वरच्या बाजूला पडणारे गिअर सुटण्याचा धोका असतो. तळाच्या लिव्हरला वजन तोलण्यापुरती एक स्प्रिंग लावा, इंजिन बंद असताना लिव्हर न्यूट्रलला जिथल्या तिथे राहील इतपतच.

आता ज्या भागाबद्दल सगळ्यात कमी विचार होतो आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, त्याकडे येतो: कुठला गिअर कुठे असावा.

जुन्या तीन गिअरमध्ये हाताला पक्कं बसलेलं असतं: रिव्हर्स अंगाकडे आणि वर, पहिला अंगाकडे आणि खाली, दुसरा समोर आणि वर, तिसरा समोर आणि खाली. केबलची दिशा काट्यावर किंवा लिव्हरवर उलटवून तुम्हाला नव्या बॉक्सची मांडणी चार प्रकारे करता येते. फ्लोअरवरची मांडणी जशीच्या तशी उभी केली, तर एक-दोन अंगाकडे येतात, पहिला वर, आणि रिव्हर्स जातो समोर-खाली. म्हणजे जिथे जुना टॉप गिअर होता तिथे. वर्षानुवर्षं कॉलम चालवलेला हात वेगात असताना टॉपसाठी तिथेच जाणार. फक्त ओळींची दिशा उलटवली तर रिव्हर्स जुन्या पहिल्याच्या जागी येतो, आणि सिग्नलला थांबलेली गाडी निघताना मागे जाते. ओळी आणि शिफ्ट दोन्ही उलटवले तर रिव्हर्स बरोबर जुन्या जागी येतो, दुसराही जुन्या जागी येतो, आणि हेच बघून कित्येकजण खूश होतात. पण त्यात जुन्या तिसऱ्याच्या जागी पहिला आलेला असतो. दुसऱ्यातून सवयीने सरळ खाली ओढलं की ताशी ५० ला पहिला गिअर. सिंक्रो थोडा विरोध करेल, पण जोर दिला तर गिअर पडेल आणि क्लच प्लेट किंवा व्हॉल्व्ह जातील.

माझी पसंती चौथ्या मांडणीला आहे: ओळी तशाच, फक्त शिफ्टची दिशा उलट. पहिला अंगाकडे-खाली, जुन्या पहिल्याच्या जागी. दुसरा त्याच्या सरळ वर. तिसरा मधे खाली, चौथा मधे वर. पाचवा समोर-खाली, जुन्या टॉपच्या जागी. निघताना आणि वेगात असताना हात जिथे जातो तिथे योग्य गिअर मिळतो. रिव्हर्स समोर-वर, जुन्या दुसऱ्याच्या जागी जातो, तेवढा धोका उरतो. तो जड स्प्रिंगने कमी होतो, पण नुसत्या स्प्रिंगवर विसंबू नका. पाच-रिव्हर्सच्या ओळीत रिव्हर्सकडे जाणारी वाट अडवणारी सोलेनॉइडची पिन बसवा. वीज नसताना पिन स्प्रिंगने बंद राहील आणि गाडी ताशी आठ-दहा कि.मी. च्या खाली आल्यावरच, स्पीड सेन्सरच्या इशाऱ्याने, उघडेल अशी जोडणी करा. वायर तुटली तर रिव्हर्स मिळणार नाही, पण धावत्या गाडीत रिव्हर्स पडणारही नाही. बिघाड व्हायचाच असेल तर तो या बाजूला झालेला चांगला. आणि एक गोष्ट उरतेच: मागे जाण्यासाठी जुन्या सवयीने अंगाकडे-वर केलं तर दुसरा पडेल आणि गाडी पुढे जाईल. यासाठी रिव्हर्स पडल्यावर पेटणारा एक दिवा डॅशवर, डोळ्यांसमोर लावा आणि मांडणीची पट्टी चिकटवा. तुमच्याशिवाय ती गाडी दुसरं कोणीतरी कधीतरी चालवणारच.

केबलबद्दल थोडं. साधी ओढायची केबल चालत नाही. ढकलणं आणि ओढणं दोन्ही करणारी, दोन्ही टोकांना आटे असलेली कंट्रोल केबल लागते. वळणाची त्रिज्या २०० मि.मी. पेक्षा कमी नको. एकूण वळण किती आहे यावर घर्षण ठरतं, लांबीवर तितकंसं नाही. घर्षणगुणांक ०.१ धरला तर एकूण १८० अंशांच्या वळणाने हातावरचा जोर १.३७ पट होतो, ३६० अंशांनी १.८७ पट. म्हणून थोडी लांब पण मोठ्या वळणाची वाट निवडा. सायलेंसरच्या पाइपपासून १०० मि.मी. तरी दूर ठेवा किंवा मधे पत्रा लावा, कारण उष्णतेने आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ होतं आणि गिअर फक्त इंजिन तापल्यावर जड पडायला लागतात. हा दोष शोधणं फार जिकिरीचं असतं.

ब्रॅकेट मजबूत हवेत. कोणाला तरी गिअर टाकायला सांगा आणि स्वतः खाली जाऊन केबलचं आवरण जिथे पकडलं आहे तिथे बोट ठेवा. आवरण बोटाखाली सरकताना जाणवलं तर तेवढी चाल वाया जाते आहे. तीन मि.मी. च्या पत्र्याला एक घडी किंवा गसेट दिली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. गिअर पूर्ण बसल्यावर पुढे ढकलणं थांबवणारे स्टॉप बॉक्सवरच्या दांड्याला द्या, कॉलमला नको, नाहीतर घाईत टाकलेल्या प्रत्येक गिअरचा मार आतल्या फोर्कवर जातो.

कॉलमशी खेळताना एक सीमा पाळायची. स्टिअरिंग शाफ्टला वेल्डिंग नाही, भोक नाही, काहीच नाही. कॉलम धडकेत आत दबण्यासाठी बनलेला असेल तर तुमचा कुठलाही ब्रॅकेट त्याच्या दबण्याच्या आड येता कामा नये. १९६९ नंतरच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत स्टिअरिंगचं कुलूप रिव्हर्स गिअरशी एका लिंकने जोडलेलं असतं. तसं काही असेल तर ते कसं चालतं हे समजून घेतल्याशिवाय काढू नका. चालत्या गाडीत स्टिअरिंग लॉक होणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

बॉक्स बसवण्याबद्दल मोजकंच. बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकच्या मध्याशी डायल गेजने जुळवा. पूर्ण फेरीत काटा ०.१३ मि.मी. पेक्षा जास्त हलू नये. हे न पाहता बॉक्स चढवला तर पायलट बेअरिंग आणि इनपुट बेअरिंग लवकर जातात आणि गिअर जड पडण्याचा दोष केबलच्या माथी येतो. क्लच प्लेट नव्या शाफ्टच्या स्प्लाइनची आणि जुन्या फ्लायव्हीलच्या मापाची. टी-५ मध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर नीट बघून घ्या. २.९५, ३.३५, ४.०३ असे वेगवेगळे प्रकार आहेत. तुमच्या ४.११ च्या डिफरन्शियलला ४.०३ चा पहिला म्हणजे एकूण साडेसोळा. गाडी हलते न हलते तोच दुसरा टाकावा लागेल. २.९५ वाला घेतला की जुन्या पहिल्यासारखाच वागतो. आणि तेल: वर्ल्ड क्लास नावाच्या सुधारित टी-५ मध्ये ऑटोमॅटिक बॉक्सचं पातळ तेल, म्हणजे एटीएफ, घालतात. त्यात जाड गिअर ऑइल भरलं की थंड असताना सिंक्रो काम करत नाहीत आणि माणूस केबल उलगडत बसतो.

टी-५ चा वरचा उंच दांडा फ्लोअरला लागतो, म्हणून तो काढून बुटका दांडा आणि वर पत्र्याचं बंद झाकण करावं लागतं. झाकणाला सील द्या, नाहीतर पाणी थेट बॉक्समध्ये उतरतं.

तपासणी गाडी स्टँडवर चढवून, इंजिन बंद ठेवून सुरू करा. एकाने मागचं चाक हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने सगळे गिअर टाकायचे. केबलच्या तारेवर दोन्ही टोकांना मार्करने खूण करा. वरची खूण किती सरकली आणि खालची किती, यातला फरक म्हणजे वाया गेलेली चाल. शिफ्टमध्ये दोन मि.मी. पर्यंत चालेल, सिलेक्टमध्ये एकाच्या वर नको. मग इंजिन सुरू करून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सहसा सिंक्रो नसतो. तो खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही आहे. आधी क्लच सुधारा, लिंकेजला हात लावू नका.

रस्त्यावर पहिल्यांदा मोकळ्या जागी, उतार नसलेल्या ठिकाणी न्या. तिसऱ्यातून दुसरा आणि पाचव्यातून चौथा, हे दोन बदल सगळ्यात आधी चुकतात. पहिल्यात लिव्हर अंगाकडे ओढावा लागतो, दुसऱ्यात स्प्रिंगने तो आपोआप मधे यायला हवा. पाचव्यातून वर करताना तो मधे न येता पिनेवर आपटत असेल तर जड स्प्रिंग अजून थोडी ताठ करा किंवा ती लवकर लागेल अशी पुढे सरकवा. केबल नवी असताना थोडी बसते, म्हणून पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर चारही बॉल जॉइंटचे लॉक नट सैल करून सिलेक्टचं माप पुन्हा जुळवा आणि नट घट्ट करून वर रंगाची रेघ ओढून ठेवा. नट फिरला तर पुढच्या वेळी रेघेवरून लगेच कळेल.